पाणी घालूनही झाड मान टाकतं, फूल धरत नाही: गच्चीवरच्या उन्हाळी भाजीचं समस्या निवारण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हा प्रश्न सुरू होतो आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत पाठ सोडत नाही. सकाळी टवटवीत असलेला टोमॅटो दुपारी दोनला मान टाकतो, पाणी घातलं तरी उठत नाही. मिरचीला कळ्या येतात आणि देठासकट गळतात. दोडक्याचा वेल मांडवभर पसरतो, पिवळ्या फुलांनी लहडतो, पण दोडका काही धरत नाही. मग फवारण्या सुरू होतात. आज निंबोळी तेल, उद्या आंबट ताक, परवा दुकानदाराने हातात ठेवलेली बाटली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

फवारणीचा पंप हातात घेण्याआधी कुंडीतल्या मातीत बोट घाला. गच्चीवरच्या बहुतेक उन्हाळी तक्रारींची सुरुवात मुळांपाशी होते. माती तापते आणि ओल कधी तुडुंब, कधी शून्य अशी हेलकावते. या ओढाताणीने झाड आधी थकतं आणि किडी त्या थकलेल्या झाडावर येऊन बसतात. क्रम उलटा धरला की औषधावर पैसे जातात आणि झाडही जातं.

मान कधी टाकली, ते आधी पाहा

दुपारी कोमेजलेलं झाड रात्री आठ वाजता बघा आणि पुन्हा सकाळी साडेसहाला. संध्याकाळी आपोआप उभं राहिलं असेल तर त्याला काही झालेलं नाही. दुधी, भोपळा, काकडी यांची पानं रुंद असतात. मुळं पाणी ओढतात त्यापेक्षा पानांतून जास्त पाणी उडून जातं, म्हणून पानं तात्पुरती खाली लोंबतात. अशा वेळी घाबरून भर दुपारी पाणी घालणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. माती आधीच ओली असते, आणखी पाण्याने मुळांना हवा मिळेनाशी होते आणि पंधरा दिवसांत खरोखरची मूळकूज लागते.

सकाळीही मान खाली असेल तर मात्र गंभीर आहे. मग बोट दुसऱ्या पेरापर्यंत, साधारण दोन इंच, मातीत घाला. खाली कोरडं लागलं तर झाड तहानलेलं आहे. वर ओलं आणि खाली कोरडं असेल तर पाणी मातीत मुरतच नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. तळापर्यंत ओलं असूनही पानं उठत नसतील तर मुळं किंवा खोड आजारी आहे.

टोमॅटो, वांगी, मिरची यांच्यात हिरवं झाड एकदोन दिवसांत अचानक ढासळलं, पानं पिवळीही पडली नाहीत, तर जिवाणूजन्य मर रोगाची शंका घ्यावी. कोकणात आणि गोव्यात हा रोग फार दिसतो. ओळखायची पद्धत सोपी आहे. जमिनीलगत खोडाचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात वरून धरून ठेवा, कापलेलं टोक पाण्यात बुडलेलं हवं. काही मिनिटांत टोकातून दुधासारख्या पांढऱ्या तारा खाली उतरू लागल्या तर हा तोच रोग. याला घरगुती इलाज नाही. झाड मातीसकट काढा, ते खताच्या ढिगात टाकू नका, कात्री धुऊन उकळत्या पाण्यातून काढा, आणि त्या कुंडीत टोमॅटो-वांगी-मिरची-बटाटा पुन्हा लावू नका. भेंडी, चवळी, मका चालेल.

वांग्याचं बाकी सगळं झाड ताठ आणि फक्त एखादा शेंडा लोंबलेला दिसला तर पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. शेंडा व फळ पोखरणारी अळी आत शिरलेली असते. लोंबलेल्या भागाच्या एक-दीड इंच खालून शेंडा कापा, उभा चिरून आत अळी आहे का ते बघा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. दर दोन दिवसांनी हे केलं तर फळांपर्यंत पोचणाऱ्या अळ्या पुष्कळ कमी होतात. शेंडा नुसता खाली टाकून दिला तर अळी तिथेच वाढून पतंग होते.

पाणी वरून घातलं, लगेच खालून निघालं

गच्चीवर वजन कमी ठेवायचं म्हणून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरपूर वापरतात, आणि ते योग्यच आहे. पण कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, झटकून टाकतं. कुंडीच्या कडेला माती आकसून फट पडते, घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तळाच्या भोकातून पाणी आलं म्हणजे कुंडी भिजली असा आपला समज होतो, आत मुळांचा गोळा मात्र कोरडाच असतो.

अशी कुंडी उचलून बघितली तर हलकी लागते. वजनाचा हा अंदाज बोटापेक्षाही भरवशाचा आहे, आठवडाभर रोज एखादी कुंडी तिरकी करून बघितली की हाताला सवय होते. उपाय असा: लहान कुंडी बादलीत किंवा टबात कडेपर्यंत बुडवून २० ते ३० मिनिटं ठेवा, बुडबुडे येणं थांबलं की काढा. मोठी कुंडी उचलता येत नसेल तर जाड काडीने वरची दोन इंच माती हलकी उकरा, कडेची फट बुजवा, मग अर्धा लिटर पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा अर्धा लिटर, असं चार-पाच वेळा करा. एकदा भिजल्यावर ती पुन्हा पूर्ण कोरडी होऊ देऊ नका.

पुढच्या भरणीत फक्त कोकोपीट आणि खत असं न करता तीस टक्क्यांच्या आसपास पोयट्याची किंवा लाल माती घाला. वजन थोडं वाढतं, पण ओल एकसारखी राहते. विदर्भात ४४-४५ अंशांत हा फरक झाड जगण्या-मरण्याचा ठरतो.

किती पाणी, केव्हा

बारा इंच रुंद आणि बारा इंच खोल ग्रो बॅगमधल्या फळावर आलेल्या टोमॅटोला एप्रिल-मेमध्ये दिवसाला साधारण दोन ते तीन लिटर पाणी लागतं. मिरचीला दीड ते दोन. दुधी, दोडका यांच्या भरल्या वेलाला वीस लिटरची कुंडी मुळात अपुरी आहे. अर्ध्या पिंपात, म्हणजे निदान पन्नास-साठ लिटर मातीत लावला तरच तो दुपार काढतो. लहान कुंडीतला दुधी दिवसातून तीनदा पाणी पिऊनही रडत राहतो, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

मुख्य पाणी सकाळी आठच्या आत. पारा चाळिशीच्या वर असेल तर एक तृतीयांश पाणी संध्याकाळी सहानंतर. दोन्ही वेळा मुळाशी, पानांवर नाही. गच्चीवर पडून असलेल्या नळीतलं आणि काळ्या टाकीतलं पाणी दुपारनंतर हात भाजेल इतकं तापतं. ते आधी बादलीत काढून निवू द्या. कोवळ्या रोपांचं खोड जमिनीलगत काळं पडून रोप आडवं होतं, त्यामागे बुरशी असतेच असं नाही, कित्येकदा हे तापलेलं पाणी असतं.

दोन-चार दिवस गावी जायचं असेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडून उलटी खोचण्यापेक्षा मातीचा बिनझिलईचा लहान मटका बरा. मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचा, पाण्याने भरायचा, वर ताटली ठेवायची. ओल जशी कमी होईल तसा तो झिरपतो. दुकानातला रंग दिलेला मटका उपयोगाचा नाही, रंगाने छिद्रं बंद झालेली असतात. क्षार साचून झिरपणं मंदावलं तर मटका काढून पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून घासावा.

बोअरच्या पाण्यावर बाग असेल तर मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसेल, आणि पानांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या होतील. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी, म्हणजे वीस लिटरच्या पिशवीला चाळीस लिटर, तासाभरात हप्त्याहप्त्याने घालून वाहू द्या. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी भाजीला घालू नये, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. एसीचं ठिबकणारं पाणी याच्या उलट जवळजवळ बिनक्षाराचं असतं, ते बादलीत धरून बोअरच्या पाण्यात मिसळा.

तापलेली कुंडी

काळी पिशवी, खाली तापलेला स्लॅब, पश्चिमेचं ऊन. अशा कुंडीची उन्हाकडची बाजू दुपारी चाळीस अंशांच्या पुढे जाते. मुळांना पस्तीसच्या वरचं तापमान सोसत नाही, त्या बाजूची बारीक मुळं मरतात आणि झाड अर्ध्या मुळांवर जगतं. पाणी घालूनही न उठणाऱ्या झाडाचं हे एक मोठं कारण आहे, आणि डोळ्यांना दिसत नसल्यामुळे सगळ्यांत दुर्लक्षित.

कुंड्या स्लॅबवर टेकवू नका. दोन-दोन विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर चढवा, खालून वारा फिरला पाहिजे. काळ्या कुंडीला बाहेरून बारदान गुंडाळा किंवा चुना फासा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर फक्त कडेच्या तापतात. पश्चिमेच्या रांगेत रिकाम्या किंवा आळू-पुदिन्याच्या कुंड्या ठेवून आतल्यांना आडोसा देता येतो. मातीवर दोन-तीन इंच जाडीचं आच्छादन हवंच. उसाचं पाचट, वाळका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, यातलं जे मिळेल ते. खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं आणि गोगलगायींना घर मिळतं. हिरवं गवत जाड थरात टाकू नका, ते कुजताना तापतं.

शेडनेटबद्दल एक आग्रह आहे. फळभाज्यांना ३५ टक्क्यांचं, म्हणजे तेवढं ऊन अडवणारं, पालेभाज्यांना आणि रोपांना ५० टक्क्यांचं. ७५ किंवा ९० टक्क्यांचं नेट गाडीच्या छपरासाठी ठीक आहे, भाजीला नाही. त्याखाली टोमॅटो लांबलचक वाढतो, पानं फिकट होतात आणि फूल धरत नाही, मग लोक पुन्हा खत घालतात. नेट साडेसहा-सात फूट उंच बांधा म्हणजे खाली गरम हवा कोंडत नाही, आणि बाजू मोकळ्या ठेवा. चारी बाजूंनी बंद केलं तर मधमाश्या आत येणार कशा?

फुलगळ

टोमॅटोचा पराग साधारण ३५ अंशांच्या वर निकामी होऊ लागतो, आणि रात्रीचं तापमान २४-२५ च्या खाली उतरत नसेल तर दिवस थोडा कमी तापला तरी फूल धरत नाही. पुण्या-नाशिकला रात्री पारा बऱ्याचदा तेवढा उतरतो म्हणून एप्रिलपर्यंत थोडंफार फळ मिळतं. मुंबई-ठाण्यात रात्री दमट आणि उष्ण, जळगाव-अकोला-नागपूर-चंद्रपूरला दिवस भट्टीसारखे. तिथे मेमध्ये मोठ्या फळाच्या टोमॅटोकडून अपेक्षाच ठेवू नये. चेरी टोमॅटो त्यातल्या त्यात तग धरतो. झाड जिवंत ठेवा, नवीन शेंडे येऊ द्या, पाऊस पडल्यावर तेच झाड पुन्हा फुलेल. या काळात बूस्टर, हार्मोन, पोटॅश यांचा मारा करून गळ थांबत नाही, कारण कमतरता अन्नाची नाहीच.

जे फूल धरण्याजोगं आहे त्याला मात्र मदत करता येते. टोमॅटो, वांगी, मिरची यांचा पराग फुलाला कंप मिळाला की सुटतो. काळे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या फुलाला लटकून गुणगुणतात तेव्हा हेच होतं. उंच इमारतीवर त्या कमी येतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान फुलांच्या घोसामागे बोटाने टिचकी मारा किंवा बंद पडत आलेला इलेक्ट्रिक टूथब्रश देठाला दोन सेकंद टेकवा. सलग तीन दिवस. गच्चीच्या एका कोपऱ्यात तुळस आणि सब्जा फुलू द्या, मंजिऱ्या खुडू नका. सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या त्यावर हमखास येतात.

पिकायला आलेला टोमॅटो लाल न होता पिवळट-केशरी राहतो हीसुद्धा उष्णतेचीच खूण. ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. फळाच्या बुडाशी गुलाबी छटा दिसली की तोडून घरात, सावलीत पिकवा. रंग आणि चव दोन्ही सुधारतात, पक्षीही नेत नाहीत.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग

हा रोग नाही, फवारणीने जात नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की तिथल्या पेशी कोसळतात. मातीत कॅल्शियम नसतं असं क्वचितच घडतं. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी एक दिवस भरपूर, दुसऱ्या दिवशी नाही, असं झालं की पानं आपला वाटा ओढून घेतात, फळ उपाशी राहतं. म्हणून अंड्यांची टरफलं टाकून या हंगामात काही फरक पडत नाही, ती कुजायला महिनोन्‌महिने लागतात. पाण्याच्या वेळा ठरवा, आच्छादन घाला, शेणखत किंवा युरियासारखं नत्र हात आखडून द्या. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. पाणी नियमित झाल्यावर पुढचा घोस स्वच्छ येतो. यावरूनच निदान बरोबर होतं की नाही ते कळतं.

बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा असेल तर ते ऊन लागलेलं फळ. हवा खेळती राहावी म्हणून पानं छाटली की हे होतं. उन्हाळ्यात टोमॅटोची पानं छाटू नका, फक्त जमिनीला टेकणारी काढा.

वेल भरलेला, फळ एकही नाही

सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस वेलाला फक्त नर फुलंच येतात. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी, दोडका, कारलं दिसतं. नर फुलाचा देठ सरळ, बारीक असतो. कडक ऊन, मोठा दिवस आणि जास्त नत्र या तिन्हींनी नर फुलं वाढतात. त्यामुळे वेल हिरवागार, पानं हाताएवढी आणि फळ नाही असं दिसलं तर खत बंद करा. मुख्य वेल मांडवापर्यंत पोचला की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांवर, आणि त्यांच्याही फांद्यांवर, मादी फुलं जास्त येतात.

मादी फुलं येतात पण बोटाएवढं फळ पिवळं पडून गळतं, म्हणजे परागीभवन झालं नाही. इथे वेळ चुकते. दोडका आणि दुधी संध्याकाळी पाचनंतर फुलतात, आणि फूल सकाळपर्यंत मलूल होतं. काकडी, कारलं, भोपळा आणि घोसाळं मात्र पहाटे-सकाळी. दोडका आणि घोसाळं एकाच मांडवावर असताना दोघांना सकाळी ब्रश लावणारे बरेच जण आहेत, आणि दोडका का धरत नाही हे त्यांना कळत नाही. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. एका नर फुलाने दोन मादी फुलं होतात. तीन दिवसांत देठ जाड झाला, फळाचं टोक खाली वळलं की जमलं.

फळ धरतं, पण वाकडं होतं, एका जागी टोचल्यासारखा डाग आणि डिंक दिसतो, आत अळ्या असतात: ही फळमाशी. तिच्या सापळ्याबाबत एक चूक सर्रास होते. आंब्या-पेरूसाठी मिळणाऱ्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल हे आमिष असतं, वेलभाज्यांवरची माशी त्याकडे फिरकत नाही. तिला क्यू ल्यूर लागतं. दुकानात नाव विचारून घ्या. आणि सापळा फक्त नर माश्या पकडतो, चार वेलांच्या गच्चीवर शेजारच्या माद्या येऊन अंडी घालतातच. म्हणून खरा बचाव पिशवीचा. परागीभवनानंतर दोन-तीन दिवसांत फळावर वर्तमानपत्राची किंवा बारीक जाळीची पिशवी चढवा, देठाशी सैल बांधा, फळ बोटभर जाड होऊन साल निबर होईपर्यंत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत फळ उकडतं. किडलेलं फळ कुंडीत पुरू नका आणि खताच्या डब्यातही टाकू नका, अळी मातीत जाऊन कोष करते. घट्ट गाठ मारलेल्या प्लॅस्टिक पिशवीत ते आठवडाभर उन्हात ठेवा.

उन्हाचा आणि पाण्याच्या ताणाचा आणखी एक परिणाम म्हणजे कडवटपणा. काकडीचं देठाकडचं टोक कडू लागलं तर तेवढं कापून टाकतात. दुधी मात्र चिरल्यावर जिभेला कण लावून पाहावा, आणि कडू लागला तर अख्खा टाकून द्यावा, शिजवूनसुद्धा खाऊ नये. त्यातल्या कुकुरबिटासिन या कडू, विषारी द्रव्याने उलट्या, जुलाब, रक्तस्राव होतो आणि कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. घरचा, बिनफवारणीचा म्हणून तो सुरक्षित ठरत नाही.

मिरचीची पानं कुठल्या बाजूला वळली?

चुरडा-मुरडा म्हणून सगळ्याला एकच औषध मारलं जातं. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं पान झालं असेल तर फुलकिडे. शेंड्यावर पांढरा कागद धरून झटका, बारीक पिवळसर काड्यांसारखे कीटक पळताना दिसतील. कडा खाली वळल्या, पानाचा देठ लांबट झाला, तर पिवळा कोळी, म्हणजे रस शोषणारी एक सूक्ष्म कीड, जी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पानं लहान, सुरकुतलेली, शिरा फिकट आणि झाड खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटून पिशवीत बंद करून टाका, शेजारची वाचतील.

फुलकिडे आणि कोळी दोन्हींवर पहिला उपाय पाण्याचा. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोराचा फवारा, तीन दिवसांआड, दोन आठवडे. त्यानंतरही राहिले तर पाच टक्के निंबोळी अर्क: लिटरभर पाण्यात निंबोळीची ५० ग्रॅम पूड रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, दोन ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि त्याच दिवशी वापरा. तयार निंबोळी तेल असेल तर लिटरला तीन ते पाच मिली, आधी साबणाच्या पाण्यात घोटून पांढरं दुधी करून. तेल पाण्यावर तरंगत राहिलं की पानं डागतात. फवारणी ऊन उतरल्यावरच आणि आधी एका फांदीवर करून दोन दिवस बघावं. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम चालतं, पण ३२-३३ अंशांच्या वर ते पानं करपवतं, वेलभाज्यांना मुळातच सोसत नाही, आणि तेलाच्या फवारणीपासून दोन आठवडे लांब ठेवावं लागतं. मेमध्ये गंधक कपाटातच राहू द्या.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या, भेंडी पांढरट आली, तर केवडा हा विषाणूजन्य रोग. त्यालाही इलाज नाही, उपटा. परभणी क्रांती, अर्का अनामिका हे वाण या रोगाला पुष्कळ सोसतात, पण आता पूर्वीइतके नाही. पानांच्या फक्त कडा पिवळ्या होऊन वर वळल्या तर तुडतुडे, त्यांना निंबोळी अर्क पुरतो. पिठ्या ढेकूण दिसले तर आधी मुंग्यांची वाट शोधा; मुंग्याच त्यांना झाडोझाडी नेतात. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवा, ढेकूण स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा.

पालेभाज्या

कोथिंबीर आणि पालक यांच्यामागे मेमध्ये धावू नका. धणे रगडून दोन फाकी करून, बारा तास भिजवून, ५० टक्के सावलीत पेरले तर उगवतील, पण बोटभर होऊन तुरा येईल. हा काळ माठ, तांदुळजा, अंबाडी, चवळईचा आणि शेंगांत गवार-चवळीचा आहे. गवारीला उन्हाळा मानवतो. तिला पाणी जास्त झालं तरच ती रुसते.

खत

कोरड्या मातीत कुठलंही खत घालू नका, जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं पातळ खतही नाही. आदल्या दिवशी पाणी, दुसऱ्या दिवशी सकाळी खत. जीवामृत दहापट पाणी घालून, पंधरा दिवसांतून एकदा, मोठ्या कुंडीला लिटरभर. गांडूळखत दोन मुठी, आच्छादन सारून मातीत मिसळून. पारा ४२ च्या वर असेल तेव्हा झाड वाढत नाही, तग धरून असतं. तेव्हा काहीच देऊ नका. ताजं शेण कधीच नाही, ते तापतं आणि त्यातून हुमणीच्या अळ्या येतात. शेणखत घालण्याआधी जमिनीवर पसरून इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या वेचून काढा.

रिकाम्या कुंड्यांची माती

उन्हाचा खरा फायदा घ्यायचा तो इथे, एप्रिल-मेमध्ये. काढलेल्या झाडांच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत, आणि त्याच मातीत पुढचं वांगं किंवा भेंडी लावली तर पावसाळ्यातही खुरटेल. चवळी-घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या: त्या बाहेरून चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात, आतून गुलाबी असतात आणि उपयोगाच्या असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते सुटत नाही.

माती चाळा, मुळं काढा, पिळल्यावर पाणी न टपकता लाडू वळेल इतकी ओली करा. गच्चीवर जाड कागदावर सहा इंचांच्या थरात पसरा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा, कडा विटांनी दाबून हवाबंद करा. प्लॅस्टिक काळं नको, पारदर्शकच हवं, ऊन आत शिरून अडकलं पाहिजे. कोरडी माती तापूनही नीट निर्जंतुक होत नाही, म्हणून ओल महत्त्वाची. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा, मधे उघडू नका, फाटलं तर चिकटपट्टी लावा. रोहिणीचं नक्षत्र सुरू होताना प्लॅस्टिक काढा. उन्हाने चांगले जिवाणूही मेलेले असतात, म्हणून चार पाट्या मातीला एक पाटी मुरलेलं गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा, थोडं पाणी शिंपडून आठ-दहा दिवस सावलीत गोणपाटाखाली मुरू द्या. तेवढ्यात वळवाची सर येणार असं दिसलं तर आणखी दोन गोष्टी: पिकत आलेले टोमॅटो पावसाआधीच तोडा, कारण कोरड्या कुंडीत अचानक पाणी शिरलं की ते तडकतात, आणि मुंग्यांसाठी कुंड्यांखाली ठेवलेल्या ताटल्या त्याच संध्याकाळी काढून उपड्या करा.